उतरलेली सूज पुन्हा का चढते? स्तनाच्या कर्करोगानंतरचा हाताचा लिम्फेडेमा

"पट्ट्या बांधल्या तेव्हा हात मस्त उतरला होता. हाताला दाब देणारी स्लीव्हही घालते. तरी दोन महिन्यांत जैसे थे." लिम्फेडेमावर, म्हणजे लसिकाद्रव साचून येणाऱ्या सुजेवर, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारी तक्रार हीच. आणि ती सांगणारी बाई बहुतेक वेळा पुढचं वाक्य स्वतःच जोडते, "म्हणजे माझा आजार वाढतोय ना?"

बरेचदा उत्तर 'नाही' असतं. आजार तेवढाच असतो, सूज आवरून धरणारी व्यवस्था कुठेतरी गळत असते. ती कुठे गळते हे शोधायचं, तर 'सूज किती आहे' यापेक्षा 'ती कधी येते आणि हाताच्या कुठल्या भागात येते' हे बघावं लागतं. खालचा सगळा मजकूर त्या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातला लसिकाद्रव वर नेणारी वाट अरुंद होते. काखेतल्या बऱ्याचशा ग्रंथी काढलेल्यांपैकी साधारण पाचांत एकीला लिम्फेडेमा होतो. फक्त सेंटिनल ग्रंथी (कर्करोग पसरलाच तर सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या मोजक्या ग्रंथी) काढून तपासलेल्यांमध्ये हे प्रमाण विसांत एकीच्या आसपास असतं. बहुतेकींना तो उपचारांनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होतो, पण त्याहून कितीतरी उशिराही होऊ शकतो. अरुंद झालेली वाट आपोआप पहिल्यासारखी होत नाही, म्हणून हा त्रास मुळापासून जात नाही. आटोक्यात मात्र राहतो, आणि अगदी व्यवस्थित राहतो.

सगळ्यात आधी हे वगळा

हात लाल, गरम, दुखरा झालाय आणि ताप किंवा हुडहुडी आहे? हा त्वचेखालचा जंतुसंसर्ग, म्हणजे सेल्युलायटिस. कधी कधी थंडी-ताप आधी येतो आणि लाली काही तासांनी दिसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, उद्यावर टाकायचं नाही. अँटिबायोटिक सुरू होऊन दुखणं आणि लाली ओसरेपर्यंत मसाज बंद, पंपही (हवेच्या दाबाने हात दाबणारं यंत्र) बंद. स्लीव्ह सहन होत नसेल तर तीही काढून ठेवायची.

एक-दोन दिवसांत अख्खा हात ताणल्यासारखा फुगला, जड झाला, रंग निळसर वाटतोय, खांद्यावर किंवा छातीवर शिरा उठून दिसताहेत? ही शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. किमोसाठी पोर्ट किंवा पिक लाइन (औषध थेट मोठ्या शिरेत सोडणारी नळी) बसवलेली असेल (किंवा अलीकडेच काढली असेल) तर शंका जास्त. डॉपलर तपासणी (शिरेतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय त्या हाताला ना मसाज, ना पट्टी.

सुजेसोबत वेदना वाढत चालली आहे, बोटांना मुंग्या येतात, पकड ढिली पडते, गळ्याच्या हाडावर किंवा काखेत गाठ लागते, किंवा इतकी वर्षं शांत असलेला हात काही कारण नसताना बिघडला आहे, तर आधी ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. लिम्फेडेमा सहसा जड वाटतो, ताणतो, अवघडतो. तीव्र दुखणं हा त्याचा स्वभाव नाही. तसंच, वर्षानुवर्षं सुजलेल्या हातावर खरचटल्या-आपटल्याशिवाय जांभळट डाग किंवा गाठी उठल्या तर त्या दाखवून घ्यायच्याच. त्यामागचा कर्करोग फार दुर्मीळ आहे, पण 'कुठे तरी लागलं असेल' म्हणून सोडून देण्यातला नाही.

दोन्ही हात किंवा पाय सुजले असतील तर काखेला दोष देऊ नका. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, किंवा डोसिटॅक्सेलसारखं किमोचं औषध, असं काहीतरी वेगळं कारण असणार.

मोजपट्टी

डोळ्यांवर आणि 'आज जरा जास्त वाटतोय' यावर विसंबू नका. शिंप्याकडे असते तशी साधी मऊ टेप पुरते. हात टेबलावर सैल ठेवायचा, मनगटाच्या घडीपासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनाने बारीक खूण करायची आणि प्रत्येक खुणेवर घेर मोजायचा. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही हात मोजायचे. दोन हातांच्या घेरात २ सेंटिमीटर फरक ही निदानासाठी पूर्वापार वापरली जाणारी मर्यादा आहे. पण उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, त्यामुळे दुसऱ्या हाताशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच जुन्या आकड्यांशी केलेली तुलना जास्त खरं सांगते. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधीच दोन्ही हात मोजून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा उपाय आहे.

कुठे बिघडतंय ते शोधायचं असेल तर एक आठवडा सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री स्लीव्ह काढल्यावर, असे दोनदा आकडे लिहा. शेजारी त्या दिवशी काय केलं ते दोन शब्दांत. आठवड्याअखेर वही उघडलीत की चित्र बहुधा पुढच्यांपैकी एखादं निघतं.

सकाळी ठीक, संध्याकाळी फुगलेला

दिवसाची गडबड. म्हणजे पहिला संशय स्लीव्हवर.

ती किती जुनी आहे? रोज वापरात असलेल्या स्लीव्हचा दाब साधारण सहा महिन्यांत उतरतो. बाहेरून ती चांगली दिसते, फाटलेली नसते, म्हणून टाकवत नाही. पण शर्टाची बाही चढवावी तशी सहज चढत असेल, तर तिच्यातला जीव गेलेला आहे. नवीन स्लीव्ह घालताना थोडी झटापट व्हायलाच हवी.

तिचं माप केव्हा घेतलं होतं? इथे सगळ्यात जास्त गफलत होते. लिम्फेडेमाच्या उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिल्यात दोन ते चार आठवडे, जवळजवळ रोज, थरांची पट्टी बांधून सूज उतरवतात. दुसऱ्यात ती उतरलेली ठेवतात. स्लीव्ह दुसऱ्या टप्प्यातली. हात उतरवण्याची तिची ताकद नसते, उतरलेला हात धरून ठेवण्याची असते. सुजलेल्या हातावर माप घेतलं तर स्लीव्ह त्या सुजेच्याच मापाची होते आणि तेवढी सूज इमानेइतबारे सांभाळते. पट्ट्या संपल्यावर चार-आठ दिवसांनी माप घेतलं, तर तोवर हात पुन्हा भरलेला असतो. माप पट्टीच्या शेवटच्या दिवशी, पट्टी सोडल्या सोडल्या घ्यायचं, आणि स्लीव्ह हातात येईपर्यंत पट्टी चालू ठेवायची. दुकानातून 'मीडियम द्या' म्हणून आणलेल्या स्लीव्हबद्दल काय बोलावं!

किती वेळ घालता? 'बाहेर जाताना घालते' किंवा 'सूज आली की घालते' हे उत्तर आलं तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही. सकाळी अंथरुणातून उठल्यावर लवकरात लवकर घालायची आणि झोपताना काढायची. दोन तास उशीर झाला तर तेवढ्यात भरलेला द्रव दिवसभर स्लीव्हच्या आत अडकून बसतो.

दाब किती? हाताला बहुधा २० ते ३० मिमी पाऱ्याच्या आसपासच्या दाबाची स्लीव्ह लागते, पण नेमकी कुठली ते थेरपिस्टने ठरवायचं. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगली, असं गणित नाही. बोटं बधिर होत असतील, निळी पडत असतील तर ती स्लीव्ह चुकीची आहे, सवय होण्याची वाट बघू नका.

विणकामही बघा. अखंड नळीसारखी, शिवण नसलेली स्लीव्ह पातळ आणि दिसायला छान असते, पण हाताचा आकार उंचसखल झाला असेल तर ती खोलगट भागात गोळा होते आणि कोपराच्या आत दोरीसारखी रुतते. अशा हाताला सपाट विणीची, शिवण असलेली, मापानुसार बनवलेली स्लीव्ह लागते. ती जाड असते, उकडतं, कुणालाच आवडत नाही. काम मात्र करते.

आता घालण्याची पद्धत. स्लीव्ह मनगटापर्यंत आतून बाहेर उलटी करा, हात घालून मनगटाशी नीट बसवा, मग उलटा भाग थोडा थोडा वर उलगडत न्या. काखेकडच्या काठाला धरून ओढू नका. तसं केलं की वरचा भाग ताणला जातो आणि सगळं कापड दंडावर जमा होतं. घरकामाचे रबरी हातमोजे चढवा आणि तळव्याने कापड थोपटत, सरकवत वर न्या. रबराची पकड असल्यामुळे एकेक सुरकुती मोडता येते. शेवटी काखेखाली कापड उरलं तर ते दुमडायचं नाही. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो, आणि हाताच्या मुळाशीच घट्ट फास बसतो. मग खालचा हात फुगणार नाही तर काय! लांबी सतत जास्त होत असेल तर कमी लांबीची मागवा.

धुणं रोज, सौम्य साबणाने. पिळायची नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, वाळवायची सावलीत. कापडात मुरलेला घाम आणि त्वचेचं तेल दोन्ही त्याची लवचिकता खातात. दोन स्लीव्ह हव्यात, एक हातावर आणि एक दोरीवर. मॉइश्चरायझर लावायचंच आहे, पण रात्री. सकाळी लावून वर स्लीव्ह चढवली तर ती घसरतेही आणि लवकर खराबही होते.

हात उतरला, पंजा फुगला

हे स्लीव्ह सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच दिसतं आणि लोक घाबरून स्लीव्ह सोडून देतात. सोडू नका, पण तशीच चालूही ठेवू नका. मनगटाशी स्लीव्ह जास्त घट्ट आहे का, तिथे घडी पडली आहे का ते बघा. तसं नसेल तर पंजालाही दाब हवा आहे. सूज पंजाच्या पाठीवरच असेल तर बोटांशिवायचा दाबाचा हातमोजा चालतो, बोटं सुजत असतील तर बोटांचा. हाताला दाब आणि पंजा उघडा ठेवला की द्रव खालच्या, मोकळ्या जागी उतरतो.

घरात पडलेलं क्रेप बँडेज गुंडाळण्याचा मोह इथेच होतो. ते नको. क्रेप खूप ताणलं जातं, त्यामुळे हात स्थिर असतानाही ते सारखं आवळत राहतं, आणि स्नायू आकुंचन पावतात तेव्हा मात्र त्यांच्यासोबत फुलून ढिलं पडतं. लिम्फेडेमाची कमी ताण घेणारी पट्टी याच्या उलट वागते. आराम करताना सौम्य, हालचाल करताना भक्कम. स्नायू तिच्यावर आतून दाबतात आणि त्या दाबाने द्रव पुढे सरकतो. खाली कापसाचा किंवा फोमचा थर, वर पट्टीचे थर, दाब बोटांकडे जास्त आणि वर कमी होत गेलेला. शिकून घेतलं तर घरी स्वतःला बांधता येतं, पण शिकून घेतलंच पाहिजे.

स्लीव्हच्या वर, काखेमागे, छातीच्या कडेला फुगवटा

हातातून वर ढकललेल्या द्रवाला पुढे वाट मिळालेली नाही. नुसता पंप वापरणाऱ्यांमध्ये हे बघायला मिळतं. हात रिकामा, धड भरलेलं. म्हणूनच लसिका-निचऱ्याच्या मसाजचा क्रम उलटा वाटतो. आधी मान आणि पोटातून खोल श्वास, मग दुसऱ्या बाजूची काख, मग त्याच बाजूची जांघ, मग छाती-पाठीवरून त्या दोन दिशांना वाट मोकळी करायची, आणि शेवटी हात, तोही दंडाकडून सुरुवात करून. दाब इतकाच की त्वचा सरकली पाहिजे. तेल लावून रगडून केलेला मसाज हा नव्हे. रगडल्याने हात लाल होतो, रक्तपुरवठा वाढतो आणि द्रवाची भर पडते.

माझं मत विचाराल तर मसाजला मिळणारं महत्त्व जरा अवाजवी आहे. त्याने बरं वाटतं, धडाच्या आणि स्तनाच्या सुजेत तो उपयोगी आहेच. पण हाताची सूज धरून ठेवण्याचं मुख्य काम दाब करतो. रोज तासभर मसाज आणि वर दीड वर्षं जुनी स्लीव्ह, यात काही हाती लागत नाही. एक साधी गोष्ट इथेच तपासून घ्या, ती म्हणजे ब्राचा पट्टा खांद्यात किंवा काखेखाली रुततोय का.

सकाळीसुद्धा उतरत नाही

सुजलेल्या जागी अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा राहिला तर तिथे अजून द्रव आहे आणि तो हलवता येईल. पट्ट्यांचा पहिला टप्पा पुन्हा करायची वेळ झाली आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. अनेकींना तो मधूनमधून करावा लागतो. रात्रीसाठी वेगळं, फोमचं किंवा रजईसारखं शिवलेलं आवरण मिळतं. दिवसाची लवचिक स्लीव्ह घालून झोपू नका, ती निजलेल्या हाताला आवळते.

खळगा पडतच नसेल, हात रबरासारखा लागत असेल, तर साचलेल्या द्रवाच्या जागी तंतुमय ऊती आणि चरबी तयार झाली आहे. असा हात उशीवर कितीही उंच ठेवला तरी उतरणार नाही. पट्ट्यांनी तो थोडा मऊ होतो, पण चरबी पट्टीने विरघळत नाही. अशा हातासाठी स्वीडनमधल्या माल्मोचे शल्यचिकित्सक हाकान ब्रोर्सन यांनी लायपोसक्शनची, म्हणजे चरबी नळीने ओढून काढण्याची, पद्धत रूढ केली. तिचे परिणाम चांगले आहेत, पण अट कडक आहे. त्यानंतर आयुष्यभर, दिवसरात्र स्लीव्ह. 'ऑपरेशन केलं की स्लीव्ह सुटेल' या आशेवर ती करून घेऊ नये. लसिकावाहिनी शिरेला जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया वेगळी. ती हात अजून द्रवाच्याच अवस्थेत असताना जास्त उपयोगी पडते, म्हणून तो विचार फार लांबवू नये.

काम केलं की वाढतो

मग काम बंद? नाही. लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांवर अमेरिकेत झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. देखरेखीखाली हळूहळू वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुजला नाही, आणि त्रास अचानक उसळण्याचं प्रमाण उलट कमी झालं. यातला कळीचा शब्द 'हळूहळू'. अगदी हलक्या वजनापासून सुरुवात, स्लीव्ह घालून, आणि वाढवायचं ते थोडं थोडं. व्यायामानंतरच्या चोवीस तासांत हात जड झाला नाही तर पुढची पायरी, झाला तर मागची.

वहीत सूज चढलेल्या दिवसांशेजारी बघा. बहुधा व्यायाम नसतो. सामान हलवणं, माळा आवरणं, मध्ये न थांबता एकाच दिवसात उरकलेलं काहीतरी असतं. हात ज्याला सरावलेला नाही ते एका दमात केलं की तो तक्रार करतो. तेच काम तीन दिवसांत वाटलं तर करत नाही. कडक ऊन, गरम पाण्याचे लांबलचक शेक आणि सॉनाही असंच करतात.

वर्षातून दोनदा-तीनदा संसर्ग

प्रत्येक सेल्युलायटिस उरल्यासुरल्या लसिकावाहिन्यांवर घाव घालून जातो, म्हणून संसर्गानंतर हात पूर्वीच्या मापावर येत नाही. जंतू आत शिरतात ते दार शोधा. नखाकडेची सोललेली कातडी, बोटांच्या बेचक्यातली बुरशी, कोपरावरच्या भेगा, मांजराचे ओरखडे, भांडी घासून कोरडे पडलेले हात. ते बंद करा. तरीही वर्षात दोन किंवा जास्त वेळा झालं तर प्रतिबंधक म्हणून कमी मात्रेचं अँटिबायोटिक दीर्घकाळ द्यायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. प्रवासाला जाताना अँटिबायोटिक सोबत ठेवायचं का, हेही.

ज्यांच्या डोक्यावर उगाच खापर फुटतं

रक्तदाब, सुई, विमान. २०१६ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या, ३,००० हून अधिक मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासात त्याच हातावर घेतलेलं रक्त, इंजेक्शन, रक्तदाब किंवा विमानप्रवास यांचा हाताचं आकारमान वाढण्याशी संबंध आढळला नाही. सेल्युलायटिस आणि जास्त वजन यांचा आढळला. दुसरा हात मोकळा असेल तर रक्त तिकडून द्यायला काहीच हरकत नाही. पण तातडीच्या वेळी या हाताला सुई टोचली म्हणून रात्रीची झोप घालवू नका.

लघवीच्या गोळ्यांनी हा हात उतरत नाही. त्या पाणी काढतात, साचलेली प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. रक्तदाब किंवा हृदयासाठी दिलेल्या असतील तर मात्र मनाने बंद करायच्या नाहीत. पाणी कमी पिण्यानेही काही साधत नाही. वजन आटोक्यात ठेवणं मात्र फायद्याचं.

शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोन आठवडे द्या, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तरीही आकडे चढतेच राहिले तर थेरपिस्टची वेळ घ्या, आणि जमलं तर संध्याकाळची घ्या. सकाळी ताज्या हाताने गेलात तर बघणाऱ्याला काही सापडत नाही. स्लीव्ह दिवसभर घालून, तशीच जा. काढल्यावर त्वचेवर उमटलेले वळ, कोपरातली घडी आणि काखेखालचा दुमडलेला काठ बघून बिघाड बरेचदा पहिल्या पाच मिनिटांत सापडतो. वही आणि दुसरी स्लीव्ह पिशवीत असू द्या.